जामीनदार शालिकराम आणि मोंबासाचा मामा

कुणाला भजनाची हौस असते, कुणाला कोंबड्यांच्या झुंजीची. पिंपळटोल्याच्या शालिकराम बहेकारला दुसऱ्यांच्या कर्जाला जामीन राहायची हौस होती. बालाघाट जिल्ह्याच्या किरनापुर तहसिलीतलं हे धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं, दीडशे घरांचं गाव. तिथं कुणाला मोटरसायकल घ्यायची झाली, तर तो दुकानात जायच्या आधी शालिकरामच्या छपरीत येऊन बसायचा. चहा व्हायचा, पावसापाण्याच्या गोष्टी व्हायच्या आणि मग कागद निघायचा. शालिकराम खिशातून पेन काढायचा आणि आपली लांबलचक सही ठोकायचा. सहीची शेपटी कागदाच्या कडेपर्यंत जायची. बँकेतला बाबू म्हणायचा, या माणसाला दोन रकाने सोडावे लागतात.

समोरच्याला तो काहीच विचारत नसे. कर्ज कशाला, फेडणार कुठून, आधीचं बाकी आहे का, असलं विचारणं म्हणजे दारी आलेल्या माणसाचा अपमान, असं त्याचं पक्कं मत होतं. अशा रीतीनं पस्तीस वर्षांत त्यानं मोटरसायकली, शिलाई मशिनी, दोन ट्रॅक्टर, एक आटाचक्की, भजनमंडळाची पेटी आणि एक डीजेचा संच एवढ्या वस्तूंची जबाबदारी डोक्यावर घेतली. बहुतेकांनी इमानानं पैसे फेडले. तिघांनी नाही फेडले. भजनमंडळ फुटलं तेव्हा पेटी एका गटाकडे गेली, तबला दुसऱ्याकडे आणि हप्ते शालिकरामकडे आले. तिघांतला शेवटचा मावसभावाचा मुलगा पवन. त्यानं डीजेचा संच घेतला, चार लग्नं वाजवली आणि संच विकून हैदराबाद गाठलं. बँकेनं शालिकरामच्या खात्यातून अठरा हजार चारशे कापून घेतले. ते पैसे गोठ्यावर नवे टीन टाकायला ठेवलेले होते.

त्याची बायको अंजना हिनं त्या दिवशी भांडण केलं असतं तर शालिकरामला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याच्या सदऱ्याच्या खिशातला पेन काढून घेतला, चांगलं लुगडं नेसली आणि बसनं किरनापुरच्या बँकेत गेली. मॅनेजर साहेब रीवाकडचे, नवेच आलेले. या माणसाची सही पुन्हा कुठल्या कागदावर दिसली तर मी घरचं सगळं काम घेऊन तुमच्या टेबलापाशी येऊन बसेन, असं तिनं त्यांना शांतपणे सांगितलं. साहेबांनी तिला पाणी पाजलं आणि मान डोलावली.

या गोष्टीला दीड वर्ष झालं असेल, तेव्हा मोंबासाचा मामा उगवला.

झालं असं, की पिंपळटोला आणि आसपासच्या अकरा गावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती. चिन्नोर पिकवणाऱ्यांची कंपनी. चिन्नोर म्हणजे इकडचा बारीक, वासाचा तांदूळ. एका घरी शिजला की तीन घरांना कळतं. शालिकराम या कंपनीच्या पाच संचालकांपैकी एक होता. निवडीच्या सभेत त्यानं बाकी सगळ्यांची नावं सुचवली, म्हणून लाजेकाजेस्तव त्यांनी त्याचं सुचवलं. खरं काम बघायची श्रुतिका मेश्राम. ती हट्टा गावची, बी.कॉम. झालेली. रोज स्कूटीवर यायची आणि शाळेमागच्या खोलीत कॉम्प्युटर लावून बसायची. इंदूरच्या एका प्रदर्शनात तिनं दोन किलोची पिशवी ठेवली होती. ती पिशवी या हातातून त्या हातात जात जात आफ्रिकेत, केनिया देशातल्या मोंबासा बंदरात पोचली आणि नोव्हेंबरात तिथल्या ‘मामा सलीम स्टोअर्स’चा ईमेल आला. तांदूळ आवडला, एक कंटेनर पाठवा. बावीस टन.

गावानं लगेच त्याचं बारसं केलं. सलीम मामा. मामाची ऑर्डर आली, मामाले उत्तर धाडलं का, मामा भाव पाडून राह्यला. शालिकरामच्या डोळ्यांसमोर तर माणूस उभाच राहिला होता. पांढरी टोपी, पांढरी दाढी, हातात तांदळाची मूठ.

अडचण एकच होती. मामा रोख देणार नव्हता. मालाचे कागद पोचल्यावर साठ दिवसांनी पैसे, असं त्यानं लिहिलं होतं. इकडे सभासदांचं धान विकत घ्यायला, भरडायला, कंटेनर भरायला कर्ज लागणार होतं. मॅनेजर साहेबांनी विचारलं, मामानं पैसे दिले नाहीत तर? कुणीतरी जामीन लागेल.

संचालकांची बैठक बसली. श्रुतिकानं बँकेचा निरोप सांगितला आणि चौघांच्या चार जोडी डोळ्यांनी एकाच वेळी शालिकरामकडे पाहिलं. त्याचा उजवा हात आपसूक खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. घरी विचारून सांगतो, असं तो म्हणाला. हे वाक्य तो जन्मात पहिल्यांदा बोलत होता.

अंजनानं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, हा मामा कुणाचा मामा? मुलंबाळं किती? आधी कुणाकडून माल घेत होता आणि त्याला का सोडलं?

“ज्याचा चेहरा नाई पाह्यला, त्याच्या मागं आपलं घर लिहून देता का?” ती म्हणाली.

तो म्हणाला, “नाई.” आणि जेवायला बसला.

आठ दिवसांनी श्रुतिका बालाघाटला निर्यातीच्या एका शिबिराला जाऊन आली. आली ती थेट शालिकरामच्या छपरीत. सरकारची एक कंपनी आहे, तिनं सांगितलं. आपण बाहेर देशी उधारीवर माल धाडला आणि घेणाऱ्यानं पैसे बुडवले, किंवा त्या देशातच काही उलथापालथ होऊन पैसे अडकले, तर ती कंपनी भरून देते. बँकेच्या कर्जालाही ती हमी देते, मग बँक घर मागत नाही.

शालिकरामनं चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे सरकार जामीन राह्यते?”

“हौ काकाजी.”

“मोंबासाच्या मामाले?”

“हौ.”

हा नाद सबंध जिल्ह्यात आपल्या एकट्यालाच आहे, असं तो आजवर समजत होता. आणि इथं कुणीतरी समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी सही करत होतं, आणि एकदोन नाही, हजारोंच्या वतीनं. शेवटी तो म्हणाला, “मले त्या मानसाले पाह्यचं आहे.”

अर्ज कॉम्प्युटरवरून जात होता, त्या कंपनीच्या ऑफिसात जायची काही गरज नव्हती. पण श्रुतिकाला काही गोष्टी समोरासमोर विचारायच्याच होत्या. एका सोमवारी दोघं गोंदियामार्गे नागपूरला गेले.

तो माणूस म्हणजे बाई निघाली. मंजू पराते मॅडम, पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा नाकावर, टेबलावर गंजलेल्या झाकणाचा डबा आणि फायलींची चवड. शालिकरामनं त्यांना वाकून नमस्कार केला, तो अधिकाऱ्याला नव्हता, आपल्या जामीनदारांच्या बिरादरीतल्या थोरल्या माणसाला होता. मॅडमनी खुर्ची दाखवली आणि प्रश्नांना सुरुवात केली. या खरेदीदाराला किती दिवसांपासून ओळखता? आधी कुणाकडून घेत होता? त्यांचे पैसे वेळेवर दिले का? माल तिथं पोचल्यावर त्यानं घेतलाच नाही तर काय कराल? शालिकराम ऐकत राहिला. त्याला वाटलं, अंजना आपल्या आधीच येऊन या बाईला शिकवून गेली.

“खरेदीदार तुमच्या नात्यातला आहे का?” मॅडमनी विचारलं. “नात्यातला असेल तर आमचे नियम वेगळे आहेत.”

“मामा आहे,” शालिकराम म्हणाला, “पन मायचा भाऊ नाई.”

मॅडमनी चष्मा काढला. श्रुतिकानं घाईघाईनं दुकानाच्या नावाचा कागद पुढे सरकवला आणि तो मामला मिटवला.

मग दोन गोष्टी कळल्या आणि शालिकराम चाट पडला. एक, ही कंपनी जामीन राहायचे पैसे घेते. हप्ता भरावा लागतो. पस्तीस वर्षांत त्याला चहाच्या वर काही मिळालं नव्हतं, तोही बहुतेक वेळा त्याच्याच घरचा. दुसरी, पैसे बुडाले तरी ती शंभरातले नव्वदच देते.

“दहा काहून ठेवता?” त्यानं विचारलं.

“तुमचे दहा अडकलेले असले की तुम्ही माणूस बघून माल देता,” मॅडम म्हणाल्या. “सगळेच आम्ही दिले तर तुम्ही कुणालाही द्याल.”

परतताना गोंदियाच्या फलाटावर समोसा खाताना तो श्रुतिकाला एवढंच म्हणाला, “त्या बाईनं एवढं इचारलं, पन कोनाले राग नाई आला.”

घरी येऊन त्यानं अंजनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, हेच मी विचारत होती तर मी कडू लागत होती. त्यावर तो म्हणाला, “तिनं पैसे घेऊन इचारलं. तू फुकट इचारत होती, म्हनून समजलं नाई.” दीड वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यावर हसली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. हमीच्या कंपनीनं मोंबासाहून मामाच्या दुकानाची चौकशी करून घेतली होती. दुकान खरं, नाव चांगलं, पण परदेशातून थेट माल मागवायची पहिलीच वेळ. म्हणून बारा लाखांपर्यंतचीच हमी. माल होता एकवीस लाखांचा. म्हणजे उरलेले नऊ लाख मामानं आधी द्यायला हवेत. हे ईमेलवर लिहिण्यासारखं नव्हतं. श्रुतिकानं व्हिडिओ कॉल ठरवला.

शाळेमागच्या खोलीत पाचही संचालक अंघोळी करून हजर झाले. अंजनाही आली. ती कशाला, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. पडद्यावर आधी छताचा पंखा दिसला, मग एक कपाट आणि मग एक जाडजूड, हसतमुख बाई. डोक्यावरून फुलाफुलांचं कापड घेतलेली. शालिकरामनं अदबीनं विचारलं, मामाजी घर में हैं क्या?

“मैं ही मामा सलीम,” बाई म्हणाली. शेजारच्या गुजराती दुकानदाराच्या संगतीत ती हिंदी शिकली होती. “सलीम मेरा बेटा. हमारे यहाँ मामा मतलब माँ.”

दोन महिने जो पांढऱ्या दाढीचा माणूस पाचही जणांच्या डोक्यात तांदूळ निवडत बसला होता, तो उठून निघून गेला. अंजना तेवढी लगेच पुढे सरकली. तिचा थोरला राकेश मलाजखंडला एका ठेकेदाराकडे कामाला आहे. ती म्हणाली, “तब तो मैं मामा राकेश.” पडद्यावरची बाई इतकी हसली, की तिचा फोन हलून पुन्हा पंखा दिसू लागला.

नऊ लाखांचं ऐकल्यावर मात्र तिचं हसू थांबलं. पैसे आधी द्यायला तिची तयारी होती, पण तिनंही एक प्रश्न टाकला. मागं तिनं तिथल्याच एका व्यापाऱ्याकडून वासाचा तांदूळ घेतला होता. बोऱ्याच्या तोंडाशी वास, आत दुसराच माल. तुमच्या पैशाला तुमचं सरकार जामीन आहे, ती म्हणाली, माझ्या तांदळाला कोण?

श्रुतिकानं मॅडमकडून आणलेले सगळे कागद मनात चाळून पाहिले. याला उत्तर त्यात नव्हतं. शालिकरामची जीभ वळवळली. त्यानं तोंड उघडलं. अंजनानं त्याच्या सदऱ्याची बाही धरून त्याला खाली बसवलं आणि स्वतः बोलली. हर किसान के बोरे का चावल मैं खुद पकाके देखूंगी, जिसमें खुशबू नहीं वो बोरा आपके यहाँ नहीं आएगा.

मामा सलीमनं मान डोलावली. शालिकराम बाही सोडवून घ्यायचंही विसरला. घरात जामीन राहायची मनाई ज्या बाईनं केली होती, तिनं बावीस टनांची हमी एका वाक्यात घेतली होती.

आणि तिनं ती पाळली. जानेवारीभर राइस मिलच्या आवारात तीन चुली पेटत्या होत्या. प्रत्येक शेतकऱ्याच्या मालातून मूठभर काढायचं, छोट्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवायचं, झाकण उघडून वास घ्यायचा. गंजांवर खडूनं नंबर असत, नावं नसत. आठव्या दिवशी सत्तावीस नंबरच्या गंजाला काहीच वास आला नाही. तिनं दुसऱ्यांदा शिजवला, तरी नाही. वही उघडून पाहिलं तर नाव निघालं दुलीचंदचं. म्हणजे तिच्या सख्ख्या भावाचं.

शालिकराम मध्ये पडला. दुलीचंद भाऊ खोटं करणार नाहीत, त्यांची जबाबदारी माझी, असं तो सवयीनं म्हणून गेला.

“त्याले बियानं कुठून आनलं हे इचारलं का?” अंजना म्हणाली.

त्यानं विचारलं नव्हतं. तेव्हा तो सायकल काढून सासुरवाडीच्या गावी गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी, तेही मेव्हण्याला, असला प्रश्न विचारला. विचारताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुलीचंदनं बियाणं बाजारातून सस्त्यात आणलं होतं, चिन्नोर म्हणूनच. फसला तो स्वतःच होता. पण फसलेला माल म्हणजे चांगला माल नव्हे, असं म्हणून अंजनानं अकरा बोरे परत धाडले. संक्रांतीचा तीळगूळ दुलीचंदनं सुनेच्या हाती पाठवला, स्वतः आला नाही. होळीपर्यंत त्याचा राग टिकला आणि पुरणाच्या वासानं गेला.

नऊ लाख आले, बँकेनं हमीवर कर्ज दिलं आणि फेब्रुवारीत कंटेनर निघाला. साठ दिवस वीस एप्रिलला पुरे होत होते. एकवीस तारीख गेली, बावीस गेली, पैसे नाहीत. ईमेलला एका ओळीचं उत्तर आलं, लवकरच. श्रुतिका कागद जुळवायला लागली, कारण ठरलेल्या मुदतीत हमीच्या कंपनीला कळवावं लागतं. बाकी संचालक निवांत होते. सरकार जामीन आहे म्हटल्यावर त्यांना कसली काळजी?

शालिकरामचं मात्र जेवणावरचं लक्ष उडालं. अंजनाला वाटलं, आपल्या कंपनीच्या पैशाची काळजी. ती नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर सारखं ते टेबल येत होतं, तो गंजका डबा आणि त्यामागे बसलेल्या पराते मॅडम. जामीनदाराला पहिली खबर कशी लागते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं त्यांना फोन लावला.

मामाचे पैसे आले नाहीत, असं त्यानं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, अजून वेळ आहे, मुदतीत कळवा म्हणजे झालं.

“ते श्रुतिका पाहीन,” शालिकराम म्हणाला. “मी याच्यासाठी फोन केला का, तुमी मनाले लावून घेऊ नका. माह्यावर हे तीनदा आलं. पयले आठ दिवस जेवन जात नाई. मंग जाते.”

“बहेकारजी, ते पैसे माझ्या घरचे नाहीत.”

“मालूम आहे. पन सही तर तुमचीच आहे ना.”

“हो,” मॅडम म्हणाल्या. “सही माझी आहे.” मग म्हणाल्या, सव्वीस वर्षांच्या नोकरीत पैसे कधी मिळतील हे विचारायला खूप फोन आले. असा फोन पहिलाच. त्यांच्या आवाजात हसू होतं की आणखी काही, हे शालिकरामला ओळखता आलं नाही. पण त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला.

दरम्यान अंजनानं सरळ मामा सलीमला व्हॉट्सॲपवर गाठलं होतं. खरी गोष्ट तिला दहा मिनिटांत कळली. रमजानच्या दिवसांत तांदूळ धडाधड खपला होता, पण तीन हॉटेलवाले आणि लग्नाचा एक आचारी उधारीवर घेऊन गेले आणि ईद होऊन महिना झाला तरी देत नव्हते. कुणी जामीन घेतला होता का, अंजनानं विचारलं. नव्हता घेतला, ओळखीचे लोक होते. यावर अंजनानं तिला जे सुनावलं, ते शालिकराम दाराआडून ऐकत होता. त्यातला शब्दन्‌शब्द त्याच्या ओळखीचा होता, फक्त हिंदीत. शेवटी अंजनानं तिला उपाय सांगितला. पैसे मागायला फोन करायचा नाही, भांडायचं नाही. सकाळी गिऱ्हाइकाच्या वेळेला घरचं निवडायचं-टिपायचं काम घेऊन हॉटेलाच्या गल्ल्याशेजारी जाऊन बसायचं.

मामा सलीम तीन सकाळी शेंगा सोलत बसली. पहिल्या हॉटेलवाल्यानं दुसऱ्याच दिवशी पैसे काढले. दुसऱ्यानं तिला येताना बघूनच काढले, तिसरा आणि आचारी आपणच घेऊन आले. मुदत टळून सतराव्या दिवशी बारा लाख कंपनीच्या खात्यात जमा झाले आणि श्रुतिकानं जुळवलेले कागद पुन्हा कपाटात ठेवले. मॅडमना कळवायला फोन शालिकरामनंच केला. त्यांनी ते आधीच कॉम्प्युटरवर पाहिलं होतं. तरी त्यांनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं.

यंदा दोन कंटेनरांची ऑर्डर आहे आणि हमीची रक्कमही वाढली. अंजनाला मिलच्या कामाची रोजी मिळणार आहे. ती तिनं आधी ठरवून घेतली, मग हो म्हटलं. शालिकरामकडे बियाण्याचं काम आलं. पेरणीच्या आधी अकराही गावांत जाऊन कुणाकडे कोणतं बियाणं आहे ते लिहून आणायचं. जो माणूस पस्तीस वर्षं कुणाला काही विचारत नव्हता, त्याला आता विचारायची अशी काही गोडी लागली, की लोक त्याची सायकल बघून मागच्या दारानं बांधीत जातात.

परवा तो लांजीच्या रस्त्यावरच्या एका गावात महागू नावाच्या म्हाताऱ्याकडे गेला. महागूची साडेतीन एकर जमीन. बियाणं घरचं की बाहेरचं, बाहेरचं तर कुणाचं, त्या माणसानं कुठून घेतलं, शेजारच्या बांधीत काय लावणार, पाणी कुणाच्या बांधीतून येतं, गेल्या साली वास होता का, कुणी शिजवून पाहिला होता. महागूनं तेरा प्रश्नांची उत्तरं दिली. चौदाव्याला त्यानं विडी विझवली.

“बाप्पा, तू धान घ्यायले आला का पोरगी पाह्यले?”

शालिकराम हसला नाही. वहीत लिहिता लिहिता त्यानं विचारलं, “पोरी किती आहेत?”